अँटीऑक्सिडंट आणि आपल्या पेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जीवरसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे नातेवाईक, शेजारी आणि जुने विद्यार्थी हक्काने फोन करतात. गेल्या काही वर्षांत त्यातले बरेच फोन 'अँटीऑक्सिडंट' या एकाच शब्दाभोवती फिरतात, म्हणजे फ्री रॅडिकल नावाच्या अस्थिर रेणूंना आवर घालणाऱ्या पदार्थांभोवती. कुणाला पावडर घ्यायची असते, कुणी गोळ्या आधीच सुरू केलेल्या असतात. खालचे प्रश्न लोकांनी साधारण ज्या शब्दांत विचारले, त्याच शब्दांत ठेवले आहेत.

फ्री रॅडिकल म्हणजे नेमकं काय?

रेणूमधले इलेक्ट्रॉन एरवी जोडीने राहतात. एखाद्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना उरला की त्या रेणूला फ्री रॅडिकल म्हणायचं. मराठी पुस्तकांत त्याला 'मुक्त मूलक' असा शब्द आहे. असा रेणू बहुतेक वेळा अस्थिर असतो आणि शेजारच्या रेणूचा एक इलेक्ट्रॉन ओढून घेतो. त्याचं भागतं, पण ज्याचा इलेक्ट्रॉन गेला तो आता फ्री रॅडिकल होतो आणि पुढच्याला धरतो. साखळी अशी सुरू होते. असे रेणू स्वतंत्रपणे टिकू शकतात हे मोझेस गोम्बर्ग यांनी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात १९०० साली दाखवलं, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांना ते सहज पटलं नव्हतं.

आपल्या शरीरात नेहमी दिसणारी नावं म्हणजे सुपरऑक्साइड, हायड्रॉक्सिल आणि नायट्रिक ऑक्साइड. यांच्याबरोबर हायड्रोजन पेरॉक्साइडचंही नाव येतं. त्यात एकटा इलेक्ट्रॉन नसतो, म्हणून तो फ्री रॅडिकल नाही. पण त्याची लोहाशी गाठ पडली की त्यातून हायड्रॉक्सिल तयार होतो, आणि या सगळ्यांत सर्वांत घातक तोच.

हे डोळ्यांना कुठे दिसतं का?

डोळ्यांना नाही, पण नाकाला नक्की कळतं. जवसाची चटणी करून ठेवलीत आणि डबा महिनाभर मागे राहिला, तर उघडल्यावर पहिला भपकारा येतो तो खवट. रंग तोच, पोत तोच, पण जिभेवर ठेवली की कडवट, ऑइलपेंटसारखी चव. खवट होणं म्हणजे फ्री रॅडिकलची साखळीच.

जवसाच्या तेलात ओमेगा-३ प्रकारचं स्निग्धाम्ल भरपूर असतं. त्याच्या रेणूत दुहेरी बंध जास्त, आणि दोन दुहेरी बंधांच्या मधला हायड्रोजन अगदी सैल धरलेला असतो. कुठलं तरी रॅडिकल येतं आणि तो हायड्रोजन काढून घेतं. रिकाम्या जागी हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि शेजारच्या रेणूतला हायड्रोजन ओढतो. असं पुढे पुढे जात राहतं. शेवटी लांब रेणूंचे तुकडे पडतात, आणि त्या तुकड्यांचा वास म्हणजे आपला खवटपणा. ऊन, उजेड आणि लोखंडाचा किंवा तांब्याचा अंश असला की हे वेगाने होतं. म्हणून आई जवसाची चटणी थोडीथोडी करायची आणि डबा घट्ट लावून अंधारात ठेवायची. तिळाचं तेल त्या मानाने खूप टिकतं, कारण तिळात सेसमॉलसारखे स्वतःचे अँटीऑक्सिडंट असतात.

हे इतकं सांगायचं कारण असं, की तुमच्या प्रत्येक पेशीभोवतीचं आवरण याच जातीच्या स्निग्ध रेणूंचा दुहेरी पापुद्रा आहे. चटणीच्या डब्यात जी अभिक्रिया होते तीच त्या आवरणातही होऊ शकते. मेंदूचा विचार करा. वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो सुमारे २० टक्के, आणि त्यातही अशी नाजूक स्निग्धाम्लं ठासून भरलेली. तिथे राखण नसेल तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

पण सगळीकडे कापलेल्या सफरचंदाचं उदाहरण देतात?

देतात, आणि मला ते पटत नाही. कापलेलं सफरचंद किंवा वांगं काळं पडतं ते त्यातल्या एका विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे. ते विकर फळातल्या पॉलिफेनॉलवर, म्हणजे वनस्पतींतल्या एका प्रकारच्या रसायनांवर, काम करतं. ऑक्सिडीकरण, म्हणजे रेणूने इलेक्ट्रॉन गमावणं, तेही आहे, पण पेशीच्या आवरणात चालणारी ती साखळी नव्हे. खवट तेलाचं उदाहरण जास्त खरं आहे.

शरीर मुळात हे तयार करतंच कशाला?

श्वास घेतो म्हणून. शांत बसलेला माणूस मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. तो बहुतेक सगळा पेशींमधल्या तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात जातो. तिथे अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात द्यावेत तसे पुढे सरकत ऑक्सिजनपर्यंत पोचतात आणि पाणी तयार होतं. या वाटेवर एखादा इलेक्ट्रॉन मध्येच सांडतो आणि ऑक्सिजनला चिकटतो, तेच सुपरऑक्साइड. जिवंत आहोत तोवर ही गळती चालूच राहणार.

याशिवाय बाहेरून भर पडते. तंबाखूचा धूर, चुलीचा धूर, कडक उन्हातले अतिनील किरण, क्ष-किरण, दारू पचवताना यकृतावर येणारा भार. ऑक्सिजनची विषबाधा आणि किरणोत्सर्गाची इजा या दोन्हींमागे फ्री रॅडिकलच आहेत, असं अर्जेंटिनाच्या शास्त्रज्ञ रेबेका गेर्शमन यांनी १९५४ साली मांडलं. त्याच काळात दवाखान्यांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना भरपूर ऑक्सिजन दिला जायचा आणि त्यातल्या कितीतरी बाळांची दृष्टी गेली. आज बाळाच्या काचेच्या पेटीपाशी परिचारिका ऑक्सिजनचं प्रमाण पुन्हापुन्हा तपासत असते, त्यामागे तो कटू अनुभव आहे.

मग हे सगळे वाईटच ना?

नाही. हा गैरसमज मला सर्वांत जास्त खटकतो.

जंतू शरीरात शिरला की पांढऱ्या पेशी त्याला गिळतात आणि त्याच्यावर मुद्दाम तयार केलेला सुपरऑक्साइड सोडतात. काही मुलांमध्ये जन्मतःच हे काम करणारं विकर नसतं. त्या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमेटस डिसीज म्हणतात. पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत. ही मुलं जंतुसंसर्गाने पुन्हापुन्हा आजारी पडतात, गळवं होतात, बुरशीचे आजार जडतात. फ्री रॅडिकल अजिबात नसले तर काय होतं, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

नायट्रिक ऑक्साइड हेही फ्री रॅडिकलच. ते रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब ताब्यात ठेवतं. त्याचं हे काम उलगडणाऱ्या तिघांना, फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना, १९९८ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

व्यायामाचंही तसंच. स्नायू राबले की फ्री रॅडिकल वाढतात, आणि त्या वाढीवरून पेशीला खूण मिळते की आता बळ वाढवायला हवं. जर्मनीतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००९ साली आले. तरुण पुरुषांनी चार आठवडे व्यायाम केला, त्यातल्या काहींना रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत, त्यांच्या शरीराने इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद दिला. गोळ्या घेणाऱ्यांत तो फायदा दिसला नाही. खूण पोचायच्या आधीच पुसली गेली होती.

अँटीऑक्सिडंट पेशीला वाचवतात तरी कसे? नीट समजावून सांगा.

सांगते, आणि थोडं लांबेल.

पहिली गोष्ट लक्षात घ्या. हायड्रॉक्सिल एकदा तयार झाला की त्याला अडवणं जवळजवळ अशक्य असतं. तो सेकंदाच्या अब्जाव्या भागात शेजारच्या कुठल्याही रेणूवर तुटून पडतो. जे अँटीऑक्सिडंट त्याला धरणार, ते त्या क्षणी नेमकं शेजारीच असायला हवं. म्हणून शरीराचा सगळा भर तो तयारच होऊ नये यावर असतो.

त्यासाठी सुपरऑक्साइड पुढे जाण्याआधी त्याला गाठणारं एक विकर आहे, सुपरऑक्साइड डिसम्यूटेज. ड्यूक विद्यापीठातल्या जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ साली ते ओळखलं. पेशीच्या द्रवात काम करणाऱ्या प्रकाराला तांबं आणि जस्त लागतं, तंतुकणिकांतल्या प्रकाराला मँगनीज. हे विकर दोन सुपरऑक्साइड घेतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड व ऑक्सिजन देतं. पेरॉक्साइड तसाच राहिला तर लोहाशी गाठ पडण्याची भीती, म्हणून त्याच्यासाठी पुढची तयारी असते. कॅटलेज हे विकर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे दुसरं, आणि त्याच्या गाभ्यात सेलेनियम असतं.

लोहावर पहारा हा वेगळा भाग. लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की काय घडतं याचं सविस्तर वर्णन इंग्लंडच्या हेन्री फेन्टन यांनी १८९४ साली केलं. म्हणून आपलं शरीर लोह मोकळं फिरू देत नाही. रक्तात ते ट्रान्सफेरिन या प्रथिनाच्या ताब्यात असतं, पेशीत फेरिटिन या प्रथिनाच्या. थॅलेसेमिया असलेल्या मुलांना वारंवार रक्त द्यावं लागतं, लोह साठत जातं आणि हा पहारा अपुरा पडतो. हृदय आणि यकृत खराब होतात. म्हणून त्यांना लोह बाहेर काढणारं औषध चुकवून चालत नाही.

एवढं करूनही आवरणात एखादी साखळी सुरू झालीच, तर तिथे ई जीवनसत्त्व असतं. साधारण हजार स्निग्ध रेणूंमागे त्याचा एक रेणू, म्हणजे संख्येने किती थोडं! पण ते आपला हायड्रोजन रॅडिकलला देऊन टाकतं आणि साखळी तिथेच तुटते. यात ई जीवनसत्त्व स्वतः रॅडिकल होतं, मात्र ते शांत प्रकारचं असतं, पुढच्या रेणूवर धावत नाही. मग पेशीच्या पाणथळ बाजूने क जीवनसत्त्व येतं आणि त्याला पुन्हा पूर्ववत करतं. क जीवनसत्त्वाला सावरायला ग्लुटाथायोन हा पेशीतच बनणारा छोटा रेणू, आणि ग्लुटाथायोनला सावरायला लागणारी शक्ती येते साखरेच्या, म्हणजे ग्लुकोजच्या पेशीत होणाऱ्या विघटनातून. बायका विहिरीवरून हंडे एकमेकींच्या हातात देत घरापर्यंत आणायच्या, तसं हे आहे. मधली एक जरी नसली तरी पुढचीला कितीही पाणी पाहिजे असो, मिळणार नाही. एकाच जीवनसत्त्वाचा मोठा डोस का चालत नाही, ते इथे कळतं.

आणि तरीही जे नुकसान होतं त्याची दुरुस्ती करणारी यंत्रणा वेगळीच. डीएनएमधला ग्वानीन हा घटक ऑक्सिडीकरणाने बिघडतो, तर विकरं तो बिघडलेला तुकडा कापून काढतात आणि नवा बसवतात. हे रोज, प्रत्येक पेशीत चालू असतं.

म्हणजे शरीर स्वतःच सगळं करतं. मग खाण्याचा काय संबंध?

कच्चा माल ताटातूनच येतो. जस्त, तांबं, मँगनीज, सेलेनियम. ग्लुटाथायोन तीन अमिनो आम्लांचं बनतं, त्यासाठी प्रथिनं पोटात जायला हवीत. डाळ, उसळ, दूध, अंडं, मासे यांना कुणी 'अँटीऑक्सिडंट अन्न' म्हणून विकत नाही, पण पेशीच्या दृष्टीने ते पहिल्या रांगेत आहेत. चीनच्या केशान भागात मातीतच सेलेनियम कमी होतं. तिथल्या मुलांना आणि तरुण स्त्रियांना हृदयाचा जीवघेणा आजार व्हायचा, आणि सेलेनियम दिल्यावर तो मोठ्या प्रमाणात टळला.

क जीवनसत्त्वाची गोष्ट आणखी वेगळी. दारातली शेळी ते आपल्या यकृतात स्वतः बनवते. माणसाच्या पूर्वजांनी ती क्षमता फार पूर्वी गमावली, त्यामुळे आपल्याला ते रोज बाहेरूनच घ्यावं लागतं.

मग काय खायचं? आपल्याकडचंच सांगा, ब्लूबेरी वगैरे नको.

ब्लूबेरीची गरजही नाही. शंभर ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं. प्रौढ पुरुषाची दिवसाची शिफारस ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीची ६५. म्हणजे अर्धा पेरू मीठ-तिखट लावून खाल्लात की त्या दिवसाचं भागलं. आवळा तर आहेच. हिरवी मिरचीही वजनाला वजन लावलं तर संत्र्याच्या पुढे जाते. हंगेरीच्या अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना अभ्यासासाठी पुरेसं क जीवनसत्त्व मिळालं ते सेगेद गावच्या मिरचीतूनच, आणि १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं. आपण मिरची इतकी मूठभर खात नाही हे खरं, पण ताज्या ठेच्याबद्दल आदर वाटायला हरकत नाही.

ई जीवनसत्त्वासाठी शेंगदाणे, तीळ, करडई आणि सूर्यफुलाचं तेल. शेवग्याचा पाला, माठ, चाकवत, लाल भोपळा यांत कॅरोटिन. टोमॅटोतलं लायकोपीन मात्र कच्च्यापेक्षा तेलात शिजवल्यावर शरीरात जास्त जातं, म्हणून टोमॅटोचं सार किंवा भाजी फोडणीसकट बरी. कांद्यात क्वेरसेटिन असतं आणि ते बाहेरच्या पापुद्र्यांत जास्त, त्यामुळे सोलताना दोन-तीन थर फेकू नका. नाचणीचे पॉलिफेनॉल तिच्या तांबड्या सालीत असतात, म्हणून भाकरीसाठी पीठ चाळू नका. जांभळं, करवंदं, कोकम, डाळिंब ज्या त्या मोसमात खा. चहातही पॉलिफेनॉल असतात, पण तो जेवणाला लागून घेतला तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. आपल्या बायकांमधलं रक्ताचं कमी प्रमाण पाहता जेवण आणि चहा यांत तासभर जाऊ द्या, ही माझी कळकळीची विनंती आहे.

एक सावधगिरी. कुठल्या फळात 'किती अँटीऑक्सिडंट ताकद' याचे आकडे फिरत असतात. ते परीक्षानळीतले असतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशी यादी ठेवली होती आणि २०१२ साली ती काढून घेतली, कारण नळीतल्या आकड्यावरून शरीरात काय होईल हे कळत नाही आणि विक्रेते मात्र तेच आकडे वापरत होते. पॉलिफेनॉल रक्तात फार थोडे पोचतात. त्यांचा फायदा बहुधा वेगळ्या वाटेने होतो. पेशीला किंचित डिवचून तिची स्वतःची विकरं वाढवणं ही त्यातली एक वाट.

हळदीच्या गोळ्या घेऊ का?

भाजी-आमटीतली हळद चालू ठेवा. हळदीत कर्क्युमिन असतं ते वजनाच्या काही टक्केच, आणि तेही आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. मिऱ्यातल्या पायपरीनबरोबर शोषण खूप वाढतं, हे बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी १९९८ साली दाखवलं. त्या आधारावर आता जास्त शोषणाच्या गोळ्या निघाल्या आहेत आणि त्या घेणाऱ्या काही लोकांना यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेतून आल्या आहेत. पिढ्यान् पिढ्या खाल्लेली चिमूटभर हळद वेगळी आणि ही गोळी वेगळी.

अँटीऑक्सिडंटच्या गोळ्यांनी कॅन्सर टळतो असं ऐकलं. खरं का?

तसं वाटत होतं. भाजी-फळं जास्त खाणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसायचा, म्हणून त्यातलं बीटा-कॅरोटिन गोळीत घालून द्यावं असा साधा विचार होता. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ साली निकाल आला, तेव्हा बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. कमी नव्हे, जास्त. अमेरिकेत १८,३१४ जणांवर असाच प्रयोग चालू होता. त्यात धूम्रपान करणारे, सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या कामावरचे लोक होते. तिथे फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्के आणि मृत्यू १७ टक्के जास्त दिसले, म्हणून जानेवारी १९९६ मध्ये गोळ्या ठरल्या वेळेच्या २१ महिने आधी थांबवल्या. पुढे ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमचा प्रयोग झाला. २०११ साली कळलं की नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के वाढला.

कारण काय असावं? धुराने भरलेल्या फुप्फुसात बीटा-कॅरोटिन स्वतःच मोडतं आणि त्याचे तुकडे अपाय करतात, हे एक. दुसरं म्हणजे कॅन्सरच्या पेशीलाही फ्री रॅडिकलपासून संरक्षण हवंच असतं. स्वीडनमध्ये उंदरांना ई जीवनसत्त्व दिलं तेव्हा फुप्फुसातल्या गाठी आणखी वेगाने वाढल्या. ढाल कुणाच्या हातात जाते, हे गोळीला कळत नाही.

म्हणजे गोळ्या कुणीच घ्यायच्या नाहीत?

असं नाही. खरी कमतरता असेल आणि डॉक्टरांनी दिल्या असतील तर घ्यायच्याच. वयोमानाने डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग झिजण्याचा आजार मधल्या टप्प्यावर असेल, तर क, ई, जस्त, तांबं, ल्युटीन आणि झियाझँथिन यांची ठरावीक गोळी आजार पुढे सरकण्याचा धोका साधारण पाव हिश्शाने कमी करते. आधी त्यात बीटा-कॅरोटिन होतं, पण वर सांगितलेल्या कारणामुळे ते काढून ल्युटीन घातलं गेलं.

आणि एक उदाहरण तर प्राण वाचवणारं आहे. पॅरासिटॅमॉलचा डोस फार मोठा झाला, तर त्याच्या विषारी अंशाला निकामी करता करता यकृतातलं ग्लुटाथायोन संपतं आणि यकृत निकामी होऊ लागतं. तिथे एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध देतात. त्यातून शरीर पुन्हा ग्लुटाथायोन बनवतं. आठ तासांच्या आत दिलं तर परिणाम सर्वांत चांगला. घरात कुणाकडून चुकून किंवा मुद्दाम जास्त गोळ्या घेतल्या गेल्या असतील, तर 'बरं दिसतंय' म्हणून वाट पाहू नका. पहिल्या दिवशी बरंच दिसतं. लगेच दवाखान्यात न्या.

वडिलांची केमोथेरपी चालू आहे. ताकद यावी म्हणून अँटीऑक्सिडंट पावडर देऊ?

स्वतःहून देऊ नका. रेडिएशन आणि काही केमो औषधं गाठीतल्या पेशी मारतात त्या फ्री रॅडिकल तयार करूनच. मोठ्या डोसची पावडर त्याच कामात आडवी येण्याची भीती असते. माझ्या जवळच्या नात्यात हे घडलं. ओळखीच्या विक्रेत्याने महिन्याला चार हजारांचा डबा गळ्यात मारला, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कुणी सांगितलंच नाही, कारण 'ते नैसर्गिकच आहे'. त्याचा परिणाम काय झाला हे मला सांगता येणार नाही, पण तो डबा आठवला की अजून जीव कळवळतो. जे काही देत असाल, काढासुद्धा, ते डॉक्टरांना दाखवा. मऊ भात, वरण, अंडं, पचेल ते फळ याला सहसा कुणी अडवत नाही.

गोरं होण्यासाठी ग्लुटाथायोन किंवा व्हिटॅमिन सीचं इंजेक्शन?

नको. गोळीतलं ग्लुटाथायोन बहुतांशी आतड्यातच मोडतं, आणि इंजेक्शनने रंग उजळण्याचा पुरावा तकलादू आहे. क जीवनसत्त्वाचे मोठे डोस मुतखडा बनवणारं ऑक्झलेट वाढवतात, मुतखड्याची प्रवृत्ती असेल तर त्रास ओढवतो. शिवाय पुढचा प्रश्न वाचा.

जी-६-पीडी कमतरता म्हणजे काय? बाळाच्या रिपोर्टमध्ये आलं आहे.

तांबड्या पेशीत तंतुकणिका नसतात. तिच्या ग्लुटाथायोनला सावरण्याची शक्ती एकाच वाटेने येते, आणि त्या वाटेवरचं पहिलं विकर म्हणजे जी-६-पीडी. ते कमी असलं तर एरवी माणूस ठणठणीत असतो. पण काही विशिष्ट पदार्थ शरीरात गेले की फ्री रॅडिकल वाढतात, पेशी स्वतःला वाचवू शकत नाही आणि फुटते. कावीळ होते, लघवी काळपट होते. हा दोष आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे मुलग्यांत जास्त दिसतो. आपल्याकडे पारशी आणि काही आदिवासी समाजांत त्याचं प्रमाण जास्त आहे.

टाळायचं काय, तर हिवतापावरचं प्रायमाक्विन, कुष्ठरोगावरचं डॅप्सोन, आणि मोठ्या डोसचं क जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. औषधांची पूर्ण यादी बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या. आणि घरातली एक गोष्ट आजच करा. बाळंतविड्याचे कपडे, दुपटी, झबली ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली असतात. त्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन अशा बाळाला घातक ठरतं. कपडे धुवून, कडक उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरा. त्या गोळ्या घरातूनच काढून टाकलेल्या बऱ्या.

वडे तळलेलं तेल पुन्हा वापरलं तर?

तापवलेल्या तेलात ती खवटपणाची साखळी जोरात चालते आणि त्याचं ई जीवनसत्त्व संपत जातं. घरी एकदा तळून उरलेलं गाळून फोडणीला दोन-तीन दिवसांत संपवा, पुन्हा तळणीला नको. हॉटेलांसाठी १ जुलै २०१८ पासून नियम आहे की तेलातल्या बिघडलेल्या घटकांचं, टोटल पोलर कंपाउंड्सचं, प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायचं नाही.

पाकिटावर 'अँटीऑक्सिडंट (आयएनएस ३१९)' लिहिलंय. म्हणजे पौष्टिक?

नाही. तेल खवट होऊ नये म्हणून घातलेलं ते टीबीएचक्यू नावाचं रसायन आहे. काम तेच, पण तेलासाठी, तुमच्यासाठी नाही.

याने म्हातारपण लांबतं का?

अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेनहॅम हार्मन यांनी १९५६ साली मांडलं की वय होणं म्हणजे फ्री रॅडिकलचं साचत गेलेलं नुकसान. कल्पना फार मोलाची होती, तिच्यामुळे हे सगळं संशोधन उभं राहिलं. पण अंगात जादा सुपरऑक्साइड डिसम्यूटेज घातलेले उंदीर बहुधा जास्त जगले नाहीत. आफ्रिकेतला केस नसलेला एक बिळात राहणारा उंदीर, नेकेड मोल रॅट, अंगात बरंच ऑक्सिडीकरण होऊनही तीस वर्षं जगतो. नुकसान खरं आहे, पण वय त्या एकाच कारणाने होत नाही. हार्मन स्वतः ९८ वर्षं जगले.

सगळ्यात आधी काय करू, एकच सांगा.

घरातली तंबाखू बंद करा. बिडी, सिगारेट, गुटखा आणि मिश्रीसुद्धा. आजी सकाळी तव्यावर तंबाखू भाजते, तेव्हा तो धूर शेजारी खेळणाऱ्या नातवाच्याही छातीत जातो. चुलीवर स्वयंपाक होत असेल तर धूर बाहेर काढायची सोय करा. धुरातल्या रॅडिकलना निपटताना शरीरातलं क जीवनसत्त्व खर्ची पडतं. धूम्रपान करणाऱ्याने रोज ३५ मिलिग्रॅम जास्त घ्यावं अशी अमेरिकेतली शिफारस आहे. आवळ्याने मागून भरत राहण्यापेक्षा पुढची गळती बंद केलेली किती सोपी!

मुलांना हे घरी दाखवता येईल का?

येईल, आणि फार छान दिसतं. औषधांच्या दुकानातून जखम धुवायचं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. बाटली मोठ्यांनीच हाताळायची, डोळ्यांजवळ न्यायची नाही. दोन बश्या घ्या. एकीत कच्च्या बटाट्याची ताजी चकती, दुसरीत उकडलेल्या बटाट्याची. दोन्हींवर चार-चार थेंब टाका. कच्च्या चकतीवर लगेच पांढरा फेस उसळतो, कारण तिच्या पेशींतलं कॅटलेज पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करत असतं. उकडलेलीवर थेंब नुसते पडून राहतात, कारण उष्णतेने विकर मेलेलं असतं. मग मुलाच्या हाताला थोडंसं खरचटलेलं असताना हेच औषध लावल्यावर तिथेही तसाच फेस आला होता, त्याची त्याला आठवण करून द्या.